मिर्यामचे सात दिवस

रविवारी संध्याकाळी साडेसहाला माझा वर्ग असतो. वर्ग म्हणजे स्वयंपाकघरातलं टेबल, त्यावर बाबांची हार्मोनियम, आणि पोह्यांच्या डब्याला टेकवून उभा केलेला फोन. फोनमध्ये तीन चौकोन. एकात पुण्याचा मुलगा, एकात पनवेलची मुलगी, आणि तिसऱ्यात ठाण्याची मुलगी, जी आता ठाण्याची राहिलेली नाही. या तिघांना मी दर आठवड्याची पाराशा गाऊन शिकवते.

पाराशा म्हणजे काय ते आधी सांगते, बारामतीत राहून मला सांगायची सवयच झालीय. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू. तोरा म्हणजे मोशेची पाच पुस्तकं. ती वर्षभरात वाचून संपवायची म्हणून तिचे चोपन्न भाग केलेत. दर शनिवारी सिनेगॉगमध्ये, म्हणजे आमच्या प्रार्थनाघरात, एक भाग वाचतात, तोच पाराशा. एवढं सांगून झालं की समोरचा मान हलवतो आणि विचारतो, "म्हंजी तुमी क्रिश्चन का?" पूर्वी मी चिडायचे. आता म्हणते, "न्हाय, त्यांच्या आधीचे." आणि भाजी घेऊन पुढं निघते.

या अख्ख्या गावात आमचं घर एकच आहे. घर तरी काय, मी एकटी. तीस वर्षं मुलींच्या शाळेत संगीत शिकवलं, आता पेन्शन खाते. शुक्रवारी सूर्य मावळायच्या आधी दोन दिवे लावते आणि प्रार्थना मोठ्यानं म्हणते, कारण मनात म्हटली तर या गावात ती कुणीच म्हटली नाही असं होईल. आमेनसुद्धा मीच म्हणते. हे सगळं दुःख म्हणून सांगत नाही. पण ते दुःख नाही असंही म्हणणार नाही.

गाऊन शिकवायची रीत बाबांची. ते कळंबच्या पुढच्या कारखान्यात टर्नर होते. कॉलनीत आम्ही एकटेच, त्यामुळं सिनेगॉग म्हणजे आमच्या घरातलं जेवणाचं टेबल. शुक्रवारी कामावरून आले की साबणानं हातांचं ऑइल काढायचे, टोपी घालायचे आणि पाराशेची गोष्ट मराठीत गायचे. आमच्यात पूर्वी कीर्तनं व्हायची, त्यांच्या वडलांनी ती केलेली, तिथून आलेलं ते. शब्बाथला, म्हणजे शुक्रवार संध्याकाळपासून शनिवार संध्याकाळपर्यंतच्या आमच्या विश्रांतीच्या दिवशी, वाद्य वाजवायचं नाही, म्हणून उलट्या बोटांनी टेबलावर ठेका धरायचे. तीन ठोके, आणि चौथ्याची जागा रिकामी. मी विचारलं होतं, चौथा का नाही. म्हणाले, "तिथं श्वास घ्यायचा." मी आणि माझा धाकटा भाऊ टेबलाच्या दोन बाजूंना बसून तसाच ठेका धरायचो. तो नेहमी चौथा मारायचा आणि माझ्याकडून चापट खायचा.

आता भावाचं सांगायलाच हवं.

बावीस वर्षांपूर्वी तो बायकोला घेऊन इस्रायलला गेला. तेव्हा बाबांना अर्धांगवायू झालेला, इथंच मधल्या खोलीत अंथरुणावर होते. दारात गाडी उभी, बॅगा भरलेल्या, शेजारीपाजारी निरोपाला आलेले. आणि मी त्या सगळ्यांच्या देखत भावजयीबद्दल बोलले, "हिला सासऱ्याचं हगणं-मुतणं काढायचा कंटाळा आला, म्हणून आता हिला देवाचा देश आठवला." तिनं बाबांचं केलं नव्हतं असं नाही. चांगलं दीड वर्ष केलं होतं. पण माझं तोंड सुटलं की सुटलं. ती बाबांच्या पाया पडून गाडीत जाऊन बसली. भाऊ मात्र माझ्याकडं बघत उभा राहिला. मला वाटतं, मी काहीतरी म्हणेन म्हणून थांबला होता. मी आत निघून गेले.

बाबा गेले तेव्हा त्याचा फोन आला. मी तो शेजारणीच्या हातात दिला. त्यानंतर फोन नाही. त्या दोघांचं नाव माझ्यासमोर काढायचं नाही असं मी पुण्यातल्या आमच्या बायकांना बजावून ठेवलं होतं, आणि माझ्या तोंडाला भिऊन त्यांनी ते पाळलं. त्याच्या गावाचं नाव तेवढं मला ठाऊक होतं, बाबांना आलेल्या पाकिटावर होतं म्हणून.

वर्ग सुरू झाला तोही माझ्या तोंडामुळंच. पुण्यात एका सणाला आया रडगाणं गात होत्या, की पोरं पाराशा वाचत नाहीत, नुसती फोनवर असतात. मी म्हणाले, "मग फोनवरच शिकवते. वाचणार नाहीत तर गातील." पहिल्या रविवारी सात चौकोन होते. वंशावळीचा भाग आला की मी तो भोंडल्याच्या चालीत बसवायचे, नियमांना ओवी, बिलामाच्या बोलणाऱ्या गाढवीला भारुड. योसेफची गोष्ट येते ती ऐन उसाच्या हंगामात. पिंपळीकडून कारखान्याला निघालेले ट्रॅक्टर कर्णे लावून माझ्या खिडकीखालून जातात, आणि भावांनी योसेफला विहिरीत टाकावं तर मागं ढोल. मुलं हसून हसून लोळायची.

फोनवर एकत्र गाता येत नाही हे बहुतेकांना माहीत नसतं. आवाज पोचायला क्षणभर उशीर होतो, मग सगळे एकमेकांच्या पायात पाय घालतात. म्हणून एक ओळ मी गायची, मग एकेकानं, बाकीच्यांनी आवाज बंद ठेवायचा. शिवाय मी टेबलावर ठेका धरते तो फोन खडखडाट समजून गाळून टाकतो. मुलं म्हणतात, "बाई, तुमचा हात हलताना दिसतो, ऐकू काहीच येत नाही." इतक्या वर्षांत माझा वर्ग एका सुरात गाताना मी एकदाही ऐकलेला नाही.

सातातले चार गेले. कुणाची दहावी, कुणाला कंटाळा. उरलेल्यांत ठाण्याची मुलगी खरी गाणारी. तेरा वर्षांची, आगाऊ, प्रत्येक गोष्टीला "पण का?" विचारणारी. पेसाखच्या, म्हणजे मिसरमधून सुटल्याच्या, सणाआधी पंधरा दिवस तिचं घरदार इस्रायलला गेलं. मी धरून चालले की हिचाही चौकोन गेला. पण तिनं तिथूनही वर्ग सोडला नाही. तिकडं रविवारची शाळा असते म्हणून वर्ग सकाळचा संध्याकाळवर आणला, तो तिच्याचसाठी.

तिनं गावाचं नाव सांगितलं तेव्हा मी भात्यावरचा हात काढला. भावाचं गाव.

"बाई, नेट गेलं का?" ती म्हणाली.

"नाही. गा तू."

पुढं तिनंच सांगितलं की तिथं आपल्याकडच्या म्हाताऱ्या माणसांचा एक हॉल आहे. शनिवारी शब्बाथ सुटला की जमतात, मलिदा करतात, म्हणजे पोहे, गूळ, नारळ आणि फळं, आणि सकाळी वाचलेली पाराशा कुणीतरी मराठीत सांगतं. तिलाही एक शनिवार मिळणार होता. कुठला घेऊ, असं तिनं विचारलं.

मी भिंतीवरचं आमचं छापील कॅलेंडर काढून टेबलावर पसरलं आणि शनिवार मोजत गेले. मला हवी होती ती पाराशा बेहालोतखा. तिच्यात शेवटी मिर्यामची गोष्ट आहे. मिर्याम ही मोशेची थोरली बहीण, गाणारी. ती भावाच्या बायकोबद्दल नको ते बोलते. देव तिच्या अंगावर कोड आणतो, आणि तिला तळाबाहेर सात दिवस एकटीला बसवतात. मोशे तिच्यासाठी देवाकडं रडतो. आणि ते लाखो लोक, सामानसुमान बांधून वाळवंटात निघालेले, सात दिवस जागचे हलत नाहीत. मिर्याम परत आत येते तेव्हाच तळ उठतो.

माझ्या मनात काय होतं ते तुम्हाला कळलंच असेल. माफी मागायची, ती माझ्या तोंडून निघत नव्हती, म्हणून दुसऱ्याच्या लेकीच्या तोंडी द्यायची. भाऊ त्या हॉलमध्ये येतो की नाही हेही ठाऊक नव्हतं. बाबांचं या पाराशेचं पद नव्हतं, म्हणून मी स्वतः केलं, त्यांच्या चालीवर.

तळाबाहेर मिर्याम बसली, सात दिवस एकली,
कुणी न उठले, कुणी न निघाले, वाट तिची पाहिली.

तीन रविवार आम्ही तेवढंच घोटलं. इतर दोघं कंटाळली. शेजारची भाभीसुद्धा कंटाळली. तिच्या नवऱ्याचं बांगड्यांचं दुकान आहे, आमच्या दोघींच्या गच्चीला मधे एकच भिंत. ती मला म्हणाली, "बाई, मूसा पैगंबरांच्या भैनीला कवा आत घेनार तुमी? तीन हप्ते झालं, बाहीरच बसलीय बिचारी." मी म्हणाले, "येत्या शनिवारी."

गुरुवारी मुलीचा फोन आला. आवाज पडलेला.

"बाई, घोळ झालाय. इथं बेहालोतखा गेल्या शनिवारीच झाली. या शनिवारी शेलाख आहे, ते हेर पाठवतात ती. हॉलवाले काका म्हणतात, ज्या दिवशीची पाराशा त्याच दिवशी. मागची चालणार नाही."

मी तिला वेड्यातच काढणार होते. तोंड उघडलं आणि मला बाबांचं बोलणं आठवलं. पेसाख आपल्याकडं आठ दिवस, तिकडं सात. आठवा दिवस शनिवारी आला की त्या शनिवारी आपण सणाचं वाचतो आणि ते नेहमीची पाराशा वाचतात. तिथून पुढं महिनोन् महिने ते एक आठवडा पुढं असतात. बाबांनी हे टेबलावर दोन बशा ठेवून समजावलं होतं. यंदा तसंच झालं होतं. मला माहीत होतं, फक्त साठ वर्षांत कधी लागलं नव्हतं. या देशातलं कॅलेंडर घेऊन मी त्या देशातला दिवस काढला होता.

"मग इतके आठवडे तुला कळलं नाही?" मी तिच्यावरच उखडले.

"मला वाटलं तुम्ही आदल्या दिवशी, शनिवारी, इथं झालेल्या पाराशेची उजळणी घेताय. तुमचं असतं ना काहीतरी."

मी म्हणाले, "राहू दे मग. गाऊ नकोस."

"पण का?"

"चुकलं म्हणून. माझं चुकलं. ठेव फोन."

ठेवला तिनं. मी हार्मोनियमवर कापड टाकलं. खरं सांगते, मला त्या मुलीचं काही वाटलं नाही तेव्हा, तिनं तीन आठवडे घासलेला गळा वाया गेला याचंही नाही. मला स्वतःचीच कीव आली. बावीस वर्षांनी एक शब्द पाठवायला निघाले, तोही शिळा. शुक्रवारी दिवे लावले, प्रार्थना म्हटली. शनिवारी रीतीप्रमाणं बेहालोतखा काढून बसले, बारामतीत तिचा शनिवार आजच होता. मिर्यामपाशी आले आणि पुढं वाचवेना. पुस्तक मिटून दुपारभर पडून राहिले. भाभीनं गच्चीवरून दोनदा हाक मारली, मी ओ दिली नाही.

रविवारी सकाळी फोन उघडला तर मुलीचा निरोप, आणि त्याखाली एक रेकॉर्डिंग. निरोप तिच्याच शब्दांत सांगते, बोलूनच पाठवला होता.

"बाई, मी गायले. रागावू नका. मी काकांना सांगितलं, आमच्या बाई बारामतीला एकट्या आहेत, त्यांच्याकडं मिर्याम आजच आहे, आणि त्यांचं ऐकायला तिथं कुणी नाही. ते नाहीच म्हणाले. मी पण हटले नाही. मग शुक्रवारी गावभर झालं, की एक पोरगी मागची पाराशा गाते म्हणून अडून बसलीय, तिची बाई बारामतीची. शनिवारी हॉलमध्ये भांडणच लागलं. तेवढ्यात मागं एक आजोबा उठले. ते हॉलमध्ये कधीच येत नाहीत म्हणे. ते म्हणाले, 'अख्खा तळ सात दिवस थांबला होता. आपल्याला एक संध्याकाळ जड जाते का?' मग सगळे गप्प बसले. बाई, ते माझ्या शेजारी येऊन बसले. त्यांना चाल येत होती."

मी रेकॉर्डिंग लावलं. आधी खुर्च्यांचे आवाज, कुणीतरी खोकलं. मग तिचा आवाज, सरळ, स्वच्छ. पहिली ओळ संपायच्या आत टेबलावर ठोके सुरू झाले, बोलताना फोन गाळतो ते रेकॉर्डिंगनं गाळले नव्हते. एक, दोन, तीन, आणि रिकामं. एक, दोन, तीन, आणि रिकामं. मुलीनं हा ठेका माझ्याकडून कधी ऐकलाच नव्हता, फोननं तो कधी तिच्यापर्यंत जाऊच दिला नव्हता. जगात तो दोघांनाच येतो. आणि चौथा ठोका त्यानं एकदाही मारला नाही.

मी ते तीन वेळा ऐकलं. भाभी माझी वाटी परत द्यायला आली होती ती दारातच उभी राहिली. तिला बावीस वर्षांपूर्वीचं सगळं ठाऊक, तो फोन मी जिच्या हातात दिला होता ती हीच.

"त्येच हायत न्हवं?" ती म्हणाली.

"हो."

"मग करा की फोन. आता काय त्यांनीच करायचा का? बोलला तर तुमी हुता."

मुलीच्या आईकडून नंबर मिळायला दहा मिनिटं लागली. हॉलमध्ये त्यानं स्वतःच देऊन ठेवला होता. मी लावला. दोन वेळा वाजला.

"मी बोलतेय," मी म्हणाले.

"हं," तो म्हणाला. त्याचा आवाज बाबांसारखा झालाय. मग म्हणाला, "पद चांगलं केलंस, ताई. तिसऱ्या कडव्यात तेवढी बाबांची चाल सुटली."

"सुटली नाही. विसरले." आणि मी आणखी इकडचं तिकडचं बोलत बसेन म्हणून घाईनं म्हणाले, "बायकोकडं फोन दे. मला तिच्याशी बोलायचंय. जे बोलायचंय ते तिच्याशीच."

तिकडं फोन कुणी घेतला नाही. मला वाटलं ती नको म्हणतेय, आणि ते बरोबरच होतं.

"ताई," तो म्हणाला, "ती गेली. चार वर्षं झाली. तुला कुणी सांगितलं नाही?"

कोण सांगणार होतं. मी खाली बसले. भाभीनं वाटी ओट्यावर ठेवली आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून उभी राहिली. मला रडू आलं, आणि मी ते दाबलं नाही. त्याला ऐकू गेलं असणार. मी त्याला म्हणाले की ती बाबांचं करायची, दीड वर्ष केलं तिनं, मी खोटं बोलले होते, सगळ्यांदेखत खोटं बोलले होते. तो म्हणाला, "माहितीये." मी म्हणाले, "तिला माहीत होतं का, की मला माहितीये?" यावर तो काही बोलला नाही. त्याला खोटं बोलता येत नाही, लहानपणापासून.

मग तो म्हणाला, "मी तिच्या फोटोसमोर बसलोय. तू म्हण ते पद. तुझ्या आवाजात म्हण. ठेका मी धरतो."

मी हार्मोनियमवरचं कापड काढलं नाही. नुसतीच गायले, तळाबाहेर मिर्याम बसली. त्याचा हात तिकडं टेबलावर पडत असणार. मला फोनमधून काहीच ऐकू येत नव्हतं. मी मनात तीन मोजत होते आणि चौथ्याला थांबत होते.